फिलेमोनाला पत्र : अर्थ आणि आजचा वाचक
नव्या करारातील पौलाच्या पत्रांपैकी हे सर्वांत छोटे पत्र. वचने केवळ २५. पौल ते तुरुंगातून फिलेमोनाला आणि त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला लिहितो. फिलेमोनाचा गुलाम अनेसिम पौलाच्या सहवासात ख्रिस्ती झाला आहे. पौल त्याला परत पाठवतो. पण आता त्याला प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे, अशी विनंती करतो. मात्र गुलामगिरी बंद करा, असे तो कोठेही म्हणत नाही. त्यामुळे १९व्या शतकातील अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी 'परत पाठवणे' आणि विरोधकांनी 'बंधू' या शब्दावर बोट ठेवले. आजच्या श्रद्धावंतापुढील प्रश्न असा : उपासनेत ज्याला बंधू म्हणतो, त्याला घरात व कामावर आपण कसे वागवतो?