छपरावरून खिडकीत

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्याच उन्हाळ्यात एचेवेरियाची छोटी कुंडी सहसा येते. सुपरमार्केटच्या दाराशी ती मांडलेली असते, स्वस्त असते, आणि निळसर जाड पानांचा तो गुलाबासारखा आकार पाहून हात आपोआप पुढे होतो. सप्टेंबरपर्यंत रोप देखणे राहते. नोव्हेंबरात त्याची मान लांबते, खालची पाने पाणचट होऊन गळू लागतात आणि जानेवारीत बुंधा काळा पडतो. ‘इथली थंडी सोसली नाही’ असे म्हणून कुंडी रिकामी केली जाते. हे निदान मला मान्य नाही. गुलाबाच्या आकाराची ही मांसल झाडे ब्रिटनमध्ये शतकानुशतके वाढवली गेली आहेत. त्या काळाचा मागोवा घेतला की दिसते, इथल्या माळ्यांना थंडीपेक्षा ओलीची आणि अंधाराची धास्ती जास्त होती, आणि त्यावर प्रत्येक पिढीने आपापली वाट शोधली.

सर्वांत जुनी वाट छपरावरची. हाउसलीक, म्हणजे सेम्परव्हायव्हम टेक्टोरम, हे मुळात युरोपातल्या डोंगरकड्यांवरचे झाड. ब्रिटनमध्ये ते माणसांनी आणले आणि कौलांच्या फटींत, गवती शाकारणीवर, भिंतींच्या माथ्यावर लावले. ज्या घरावर हे झाड असेल त्यावर वीज पडत नाही, अशी समजूत होती. ही समजूत साऱ्या युरोपभर होती. सुमारे 800 साली सम्राट शार्लमेनच्या राजवटीत निघालेल्या जमीनव्यवस्थेच्या हुकूमनाम्यात माळ्याने आपल्या घरावर हे झाड ठेवावे, असे कलमच आहे. आपल्याकडे भाजल्यावर कोरफडीचा गर लावतात, तसा इथे हाउसलीकच्या पानांचा रस लावत. विजेचे काहीही असो, झाडाला मात्र छप्पर मानवले. उतारावर पाणी थांबत नाही, फटीत माती मूठभर, वर दिवसभर मोकळे आकाश. कडाक्याचे हिमही हे झाड सोसते. साचलेले पाणी त्याला सोसत नाही.

दुसरी वाट काचेची. लंडनमधली चेल्सी फिजिक गार्डन ही औषधी बाग 1673 साली सुरू झाली. 1685 मध्ये जॉन एव्हलिन हा रोजनिशीकार तिथे गेला, तेव्हा जमिनीखालच्या भट्टीने उबवलेले झाडांचे घर पाहून तो चकित झाला. ऊब खालून येत असल्याने ऐन गोठवणीतही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येत, हे त्याने मुद्दाम नोंदवले आहे. यातले मर्म हवा खेळती राहण्यात आहे. कोंदट उबेत मांसल पाने कुजतात.

त्यानंतरच्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातून जहाजांनी या झाडांचा ओघ सुरू झाला. रिचर्ड ब्रॅडली यांनी 1716 ते 1727 या काळात केवळ मांसल वनस्पतींवर सचित्र ग्रंथ भागाभागांनी काढला. तो चालू असतानाच, 1724 मध्ये, ते केंब्रिज विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. 1772 मध्ये क्यू बागेने फ्रान्सिस मॅसन यांना रोपे गोळा करायला केपला धाडले. अशा रोपांची नीट ओळख पटवण्यात हलमध्ये जन्मलेल्या ॲड्रियन हार्डी हॉवर्थ यांनी आयुष्य घातले. मांसल वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1812 चा. 1833 मध्ये ते कॉलऱ्याने गेले. आज आपल्या टेबलावर असते ती पट्ट्यापट्ट्यांची हॉवर्थिया त्यांचेच नाव मिरवते.

याच सुमारास लंडनला एक पत्र आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी आपल्या ओळखीच्या पानफुटीची पाने चाखून पाहिली होती. सकाळी पान आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट, हे निरीक्षण त्यांनी 1813 मध्ये लिनियन सोसायटीला कळवले आणि ते 1815 साली छापले गेले. त्या आंबटपणाचे कारण कळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. इतर बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडतात. पानफुटी, एचेवेरिया, हाउसलीक आणि एओनियम ही एकाच कुळातली झाडे मुख्यतः रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या बळावर त्याची साखर करायची, असा हा व्यवहार. या प्रक्रियेला कुळावरून पडलेले नाव 1940 च्या दशकात न्यूकॅसलच्या मेरियन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. घरी कुंडी ठेवणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. हे झाड पाणी फार थोडे खर्च करते, आणि साठवलेले आम्ल वापरायला त्याला ऊन लागते. ऊन नसताना घातलेले पाणी कुंडीतच पडून राहते.

तिसरी वाट उघड्या बागेची, पण ऋतूपुरती. काचेवरचा कर 1845 मध्ये उठला, खिडक्यांवरचा 1851 मध्ये, आणि काचघर मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले. मेक्सिकोतून आलेली एचेवेरिया आता हजारोंनी वाढवता येऊ लागली. 1868 मध्ये थेम्सकाठच्या क्लाइव्हडन इस्टेटीत जॉन फ्लेमिंग या माळ्याने बुटक्या, रंगीत पानांच्या झाडांनी डचेस ऑफ सदरलंड यांची आद्याक्षरे जमिनीवर रेखली. गालिच्यासारख्या या वाफ्यांचे वेड मग सार्वजनिक बागांत पसरले आणि एचेवेरिया त्यांची मुख्य आधार ठरली. या थाटामागचे कष्ट मात्र लोकांना दिसत नसत. हिवाळ्याआधी माळी रोपे उपटत, काचेखाली कोरडी जपत आणि हिम सरल्यावर पुन्हा मांडत. एडिंबराच्या प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समधले फुलांचे घड्याळ याच परंपरेतले. उद्यान अधीक्षक जॉन मॅकहॅटी यांनी ते 1903 मध्ये उभारले. पहिल्या वर्षी त्याला फक्त तासकाटा होता, मिनिटकाटा पुढच्या वर्षी आला. आजही एचेवेरिया आणि सेडम त्या तबकडीवर लागतात. तबकडी उतारावर आहे, म्हणजे पाणी इथेही थांबत नाही.

विसाव्या शतकात ही झाडे जहागिरदारांच्या बागांतून सामान्य घरांच्या परसात आली, आणि माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत समृद्ध भाग हाच. 1931 मध्ये ग्रेट ब्रिटनची कॅक्टस आणि सक्युलंट सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, काउंटी डाउनमधल्या हॉलीवुड गावी जन्मलेले रॉबर्ट लॉइड प्रेगर यांचा सेम्परव्हायव्हम गटावरचा ग्रंथ रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने काढला. वाढवणारे आजही त्याचा आधार घेतात. त्याच दशकात लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इनिस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी कुंडीच्या मातीचे प्रमाण ठरवून दिले: 7 भाग पोयटा, 3 भाग पीट, 2 भाग जाडी वाळू. कुंडीतली माती हा तोवर प्रत्येक माळ्याचा खासगी अंदाज होता. आता तो कोणालाही वापरता येईल असा आधार झाला. मांसल झाडे वाढवणाऱ्यांनी त्यात बारीक खडी मिसळून ती आणखी निचऱ्याची केली. युद्धाच्या वर्षांत काचघरे टोमॅटोला गेली आणि शोभेच्या झाडांसाठी इंधन मिळेना. तरी 1945 मध्ये दुसरी राष्ट्रीय सोसायटी उभी राहिली, आणि 1983 मध्ये दोन्ही मिळून आजची ब्रिटिश कॅक्टस अँड सक्युलंट सोसायटी झाली. गावोगावच्या सभागृहांत तिच्या शाखांची प्रदर्शने भरतात. तिथे एखाद्या आजोबांकडून मिळालेले पिल्लू आणि त्यासोबतचा सल्ला यांना दुकानात तोड नाही.

नैऋत्येला गोष्ट थोडी वेगळी. सिली बेटांपैकी ट्रेस्को इथे ऑगस्टस स्मिथ यांनी 1834 पासून बाग उभारली. समुद्राच्या उबेमुळे कॅनरी बेटांवरची एओनियम तिथे भिंतींवर रानटी वाढावीत तशी वाढतात. 1987 च्या जानेवारीतल्या बर्फाने त्या बागेचे प्रचंड नुकसान केले. ती पुन्हा लावली गेली. पलीकडे कॉर्नवॉलमध्ये पेन्झन्सजवळच्या सर्रिअल सक्युलंट्स या रोपवाटिकेने छपरावरचे सेम्परव्हायव्हम आणि बेटावरचे एओनियम यांचा संकर घडवला. त्यांचे ‘डेस्टिनी’ हे रोप 2022 च्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये वर्षाची सर्वोत्तम वनस्पती ठरले. एकाचा काटकपणा आणि दुसऱ्याची गडद झळाळी एका झाडात आली.

आणि आता चौथी वाट, आपली, खिडकीतली. ती सर्वांत सोयीची आणि झाडासाठी सर्वांत अवघड आहे. मेक्सिको सिटी आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 19 अंशांच्या किंचित वर. एचेवेरियाच्या मायदेशी डिसेंबरातही दिवस सुमारे 11 तासांचा असतो. लंडनमध्ये तेव्हा 8 तासांहून कमी उजेड मिळतो, एडिंबरात 7 तासांच्या आतबाहेर, तोही ढगांतून गाळलेला. अशा वेळी खोली हीटरने तापलेली आणि कुंडी ओली असली की झाडाला वाटते वाढीचा मोसम आहे. ते वाढते, पण उजेडाअभावी फिकट आणि लांबट. म्हणून या झाडांना हिवाळ्यात ऊब कमी द्यावी. दक्षिणेकडची खिडकी, रेडिएटरपासून दूर, न तापवलेली पण गोठणबिंदूखाली न जाणारी खोली किंवा पोर्च, 5 ते 10 अंश तापमान आणि जवळजवळ कोरडी माती: एवढ्यावर एचेवेरिया मार्चपर्यंत सुखाने निजते. एओनियमचा ऋतुक्रम उलटा. ते उन्हाळ्यात विसावते आणि गारव्यात वाढते, म्हणून त्याला हिवाळ्यातही अधूनमधून पाणी हवे. हॉवर्थिया मुळात झुडपांच्या सावलीतली, तिला पूर्वेची खिडकी पुरते. हाउसलीक घरात आणूच नये. पसरट कुंडीत, खडी घालून, बाहेर उन्हात ठेवावे. फुलून गेल्यावर तो गुच्छ मरतो, पण त्याआधीच भोवती पिल्ले धरलेली असतात.

एचेवेरियाच्या पानांवरची पांढरी पूड हे तिचे उन्हापासूनचे कवच, ते पुसू नये. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दिसतो का, ते पाहावे. रोप अचानक सैल होऊन हलू लागले तर मुळाशी व्हाइन वीव्हिलच्या पांढऱ्या अळ्या शोधाव्यात. मान लांबलेल्या रोपाचा शेंडा वसंतात कापून, जखम सुकवून पुन्हा लावता येतो. खरेदी करताना रोप रोपवाटिकेत वाढलेले आहे याची खात्री करावी. डडलिया या याच आकाराच्या झाडाची डोंगरकड्यांवरून इतकी लूट झाली की 2021 मध्ये कॅलिफोर्नियाला तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

आपण रोज सकाळी तुळशीला पाणी घालणाऱ्या घरांत वाढलो. झाडावरची माया म्हणजे पाणी, हे आपल्या हातांत भिनलेले आहे. छपरावरच्या हाउसलीकपासून एडिंबराच्या घड्याळापर्यंतचा हा सारा अनुभव सांगतो, की इथल्या हिवाळ्यात या झाडांची सेवा करायची तर तोच हात आवरायला शिकावे. नोव्हेंबर लागला की एचेवेरियाचे पाणी थांबवा आणि कुंडी सर्वांत उजळ काचेशी न्या. मार्चअखेर दिवस मोठा झाला की माती बदला, मग भरपूर पाणी द्या, आणि सुटतील ती पिल्ले शेजाऱ्यांना वाटा. ब्रिटनमध्ये ही झाडे इतकी वर्षे टिकली, त्यात अशा देवाणघेवाणीचा वाटा फार मोठा आहे.