विद्यापीठ पोलिसांकडील मदतमागण्यांची हाताळणी व नोंद

अमेरिकेतील महाविद्यालयाच्या वा विद्यापीठाच्या आवारातून तेथील पोलीस विभागाकडे मदत, चौकशी अथवा तक्रार यांसाठी केलेल्या कोणत्याही विनंतीला 'कॉल फॉर सर्व्हिस' म्हणजेच मदतमागणी असे म्हणतात. किल्ली आत राहून वसतिगृहाची खोली बंद झाल्यापासून आवारात बंदूकधारी दिसल्यापर्यंतचे सर्व कॉल या संज्ञेत मोडतात. मदतमागणीची नोंद होते, पण अशी प्रत्येक नोंद गुन्ह्याची नसते. आणि नोंदवलेला प्रत्येक गुन्हा वार्षिक आकडेवारीत येत नाही. एखादे आवार किती सुरक्षित आहे हे आकड्यांवरून ठरवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला व पालकाला हा फरक माहीत असणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पहिला विद्यापीठ पोलीस विभाग येल विद्यापीठाचा मानला जातो. १८९४ मध्ये न्यू हेवन शहराच्या दोन पोलिसांची तेथे नेमणूक झाली आणि त्यातून हा विभाग उभा राहिला. २०११-१२ मधील केंद्रीय सर्वेक्षणानुसार २,५०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या संस्थांपैकी ९२ टक्के सरकारी व ३८ टक्के खासगी संस्थांत शपथबद्ध, म्हणजे अटकेचे अधिकार असलेले, पोलीस होते. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या सुरक्षारक्षकांना असे अधिकार नसतात. आवारातील गुन्हा स्थानिक पोलीस ठाण्यात नोंदवला जातो. अमेरिकेत मात्र ज्या संस्थेच्या नावलौकिकाचा प्रश्न असतो, तिच्याच पगारावरील विभाग गुन्ह्याची नोंद करतो. नोंदींविषयीचे बहुतेक कायदे व वाद या अडचणीच्या स्थितीतून निर्माण झाले आहेत.

कॉल येणे व वर्गीकरण

मदतमागणी विभागाच्या दूरध्वनीवर, आवारातील निळ्या दिव्याच्या आपत्कालीन खांबावरून, भ्रमणध्वनीवरील अॅपमधून किंवा ९११ या क्रमांकावरून येते. भ्रमणध्वनीवरून लावलेला ९११ अनेकदा विद्यापीठाऐवजी शहराच्या वा काउंटीच्या नियंत्रण कक्षात पोहोचतो आणि तेथून पुढे पाठवावा लागतो. कार्यालयातील दूरध्वनी यंत्रणांवर पूर्वी बाहेरच्या कॉलसाठी आधी ९ दाबावा लागे. घाबरलेल्या माणसाला ते सुचेलच असे नाही. 'कॅरीज लॉ' या २०१८ च्या केंद्रीय कायद्याने नव्या यंत्रणांवर ९११ थेट लागणे बंधनकारक केले.

कॉल घेणारा कर्मचारी, म्हणजे डिस्पॅचर, प्रथम ठिकाण विचारतो, कारण संभाषण तुटले तरी ठिकाण कळल्यास गस्तीचे वाहन पाठवता येते. मोठ्या आवारात इमारतीचे नाव पुरत नाही. मजला व खोली क्रमांकही लागतो. त्यानंतर तो संगणकीय पाठवणी प्रणालीत कॉलचा प्रकार व प्राधान्य निवडतो. प्रणाली कॉलला अनुक्रमांक देते आणि कॉल आल्याची, अधिकारी निघाल्याची, पोहोचल्याची व मोकळा झाल्याची वेळ नोंदवते. गस्तीवरील अधिकाऱ्याने स्वतःहून केलेली तपासणीही याच यादीत येत असल्याने मदतमागण्यांची एकूण संख्या हे लोकांनी केलेल्या कॉलचे माप नसते.

डिस्पॅचरने निवडलेला प्रकार अंतिम नसला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. 'संशयास्पद व्यक्ती' या शीर्षाखाली पाठवलेला अधिकारी तशीच अपेक्षा मनात घेऊन पोहोचतो. मे २०१८ मध्ये येल येथे वसतिगृहाच्या सामायिक दालनात झोपलेल्या एका कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थिनीबद्दल दुसऱ्या विद्यार्थिनीने पोलिसांना कळवले. पोलिसांनी झोपलेल्या विद्यार्थिनीकडे ओळखपत्र मागितले. विद्यापीठाच्या नोंदीतील तिचे नाव ओळखपत्राशी जुळत नसल्याने, स्वतःच्या खोलीचे दार उघडून दाखवल्यावरही तिला थांबावे लागले. तिने केलेले चित्रीकरण देशभर पाहिले गेले. कॉल करणाऱ्याला नेमके काय दिसले, केवळ उपस्थिती की एखादे कृत्य, हे आधीच विचारणे हा डिस्पॅचरच्या कामाचा भाग असल्याचे या घटनेने ठळक केले.

कॉलपासून अहवालापर्यंत

अधिकारी काम संपल्यावर कॉल 'निकाल संकेत' देऊन बंद करतो: मदत दिली, संबंधित व्यक्ती सापडली नाही, अन्य विभागाकडे सोपवले, अहवाल लिहिला, इत्यादी. बहुतेक किरकोळ कॉल येथेच संपतात व त्यांचा मागमूस केवळ प्रणालीतील एका ओळीत राहतो. अहवाल लिहिल्यास त्याला स्वतंत्र अहवाल क्रमांक मिळतो आणि तो अभिलेख प्रणालीत जातो. एका भांडणाबद्दल पाच जणांनी फोन केल्यास कॉल पाच, पण अहवाल एक असू शकतो.

क्लेरी कायदा आणि दैनंदिन नोंदवही

५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. गुन्हेगार त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि आपोआप बंद होणारी, पण अडसर लावून उघडी ठेवलेली दारे ओलांडून तो आत आला होता. दार उघडे असल्याची तक्रार आजही केवळ मदतमागणी म्हणूनच नोंदवली जाते. ती गुन्ह्याच्या आकडेवारीत येत नाही. क्लेरीच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये केंद्रीय कायदा झाला व १९९८ मध्ये त्याला तिचे नाव देण्यात आले.

या कायद्यानुसार, पोलीस वा सुरक्षा विभाग असलेल्या संस्थेला दैनंदिन गुन्हे नोंदवही ठेवावी लागते. तीत गुन्ह्याचे स्वरूप, घडल्याची व कळवल्याची तारीख, वेळ, साधारण ठिकाण आणि माहीत असल्यास प्रकरणाची स्थिती लिहितात. माहिती मिळाल्यापासून दोन कामकाजी दिवसांत नोंद करावी लागते. मागील ६० दिवसांची वही कार्यालयीन वेळेत कोणालाही पाहता येते. त्यापूर्वीची पाने मागणीनंतर दोन कामकाजी दिवसांत उपलब्ध करावी लागतात. पीडिताची ओळख उघड होणे किंवा तपासाला बाधा येणे, अशा मोजक्या कारणांसाठीच माहिती रोखता येते.

वार्षिक आकडेवारी याहून अरुंद असते. ग्रंथालयाच्या टेबलावरून लॅपटॉप गेला तर ती चोरी दैनंदिन वहीत येते, पण द्वेषमूलक हेतू नसल्यास वार्षिक आकड्यांत येत नाही. तोच लॅपटॉप बाहेरच्या माणसाने वसतिगृहाच्या खोलीत शिरून नेला तर ती घरफोडी ठरते, दाराला कुलूप नसले तरीही, आणि आकड्यांत मोजली जाते. खोलीतील सहनिवाशानेच नेला, तर पुन्हा साधी चोरी. या आकड्यांसाठी दोषसिद्धी लागत नाही. सद्भावनेने कळवलेली घटना पुरते. तक्रार 'निराधार' ठरवून वगळण्याचा अधिकार शपथबद्ध पोलिसांनाच आहे, विद्यापीठाच्या प्रशासकाला नाही. नोंदींतील त्रुटींसह कायद्याच्या अनेक उल्लंघनांबद्दल शिक्षण विभागाने २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाला सुमारे २४ लाख डॉलर आणि २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १.४ कोटी डॉलर दंड केला.

नोंदी कोणाला पाहता येतात

विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या कायद्याचा आधार घेऊन अनेक संस्था पोलीस अहवालही देत नसत. १९९१ मध्ये मिसूरीतील एका विद्यार्थी वृत्तपत्राच्या संपादिकेने हा पवित्रा न्यायालयात हाणून पाडला. पुढील वर्षी काँग्रेसने विद्यापीठ पोलिसांच्या नोंदी शैक्षणिक नोंदींच्या व्याख्येतून वगळल्या.

मूळ मदतमागण्यांच्या यादीबाबत मात्र राज्यागणिक फरक आहे. कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक अभिलेख कायदा पोलिसांकडे आलेल्या तक्रारींची व मदतमागण्यांची वेळ, आशय, ठिकाण आणि त्यांना दिलेला प्रतिसाद उघड करण्यास सांगतो. तो तेथील सरकारी विद्यापीठांच्या पोलिसांनाही लागू आहे. खासगी विद्यापीठांच्या बाबतीत राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी परस्परविरोधी निर्णय दिले. मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्डच्या (२००६) आणि इंडियानात नोत्र दामच्या (२०१६) पोलिसांना राज्याचा अभिलेख कायदा लागू नसल्याचे ठरले. ओहायोत ऑटरबाइन विद्यापीठाच्या प्रकरणात (२०१५) न्यायालयाने उलट निर्णय दिला: अटकेचा सार्वजनिक अधिकार वापरणाऱ्या विभागाच्या नोंदीही सार्वजनिकच असतात. त्यामुळे खासगी विद्यापीठातील एखाद्या कॉलवर पोलिसांनी नेमके काय केले, हे ओहायोतील विद्यार्थ्याला मागून पाहता येते. इंडियानातील विद्यार्थ्याच्या हाती मात्र क्लेरी कायद्याखालील नोंदवहीतील एक ओळच उरते, आणि कॉल गुन्हा म्हणून नोंदवला गेलाच नसेल तर तीही नाही.