अठरा वर्षे पूर्ण झाली; पुढे काय?

दिवाळी जवळ आली की शहरातील एखाद्या सभागृहात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींनी तयार केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरते. रंगवलेल्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, उटण्याची पाकिटे असे बरेच काही टेबलांवर मांडलेले असते. येणारे लोक दोन-चार वस्तू घेतात, मुलांचे तोंडभर कौतुक करतात आणि घरी जातात. वस्तू खपतात, पण त्या गरज म्हणून नव्हे, बहुधा सद्भावनेपोटी. सद्भावना ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र तिच्या आधारावर बारा महिन्यांचा रोजगार उभा राहत नाही. मालाला मागणी असेल तरच तो तयार करणाऱ्याला काम मिळते, हे अर्थशास्त्राचे पहिल्या धड्यातले तत्त्व आहे. या क्षेत्रात त्याचाच विसर पडलेला दिसतो.

महाराष्ट्रात या मुलांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये सुरू झाली, पुण्याची कामायनी १९६४ मध्ये. त्या काळी ‘मतिमंद’ हा शब्द सर्रास वापरला जाई. आता कायद्याने तो टाकून ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द स्वीकारला आहे. बदल केवळ शब्दाचा नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या, पण त्या अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग व्यक्तींसाठी होत्या. बौद्धिक अक्षमतेला त्यांत वाटा नव्हता. २०१६ च्या कायद्याने राखीव जागांचे प्रमाण ४ टक्क्यांवर नेले आणि त्यातील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांना मिळून दिला. याच कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलांना वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही दिला आहे.

खरी अडचण अठराव्या वर्षी सुरू होते. १० ते १२ वर्षे विशेष शिक्षकांनी घेतलेले कष्ट आणि समाजाने केलेला खर्च यांतून काही कौशल्ये तयार झालेली असतात. मुलगा बसची पाटी ओळखू लागलेला असतो, मुलगी नीटनेटक्या घड्या घालू लागलेली असते. शाळा संपते, मूल घरी बसते, आणि दोन-तीन वर्षांत वापराअभावी ती कौशल्ये गंजून जातात. एखाद्या कारखान्याने यंत्रे विकत घेऊन ती पावसात उघड्यावर टाकली, तर भागधारक संचालकांना जाब विचारतील. येथे जाब विचारणारे फक्त आईवडील असतात, आणि ते थकलेले असतात. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद सुमारे १५ लाख झाली होती. म्हणजे हा काही मूठभर कुटुंबांचा प्रश्न नव्हे.

अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी कर्मशाळा आहेत, हे खरे. पण कर्मशाळेतून बाहेर पडून खुल्या बाजारात नोकरीस लागण्याचा मार्ग बांधलेला नसल्याने एकदा आलेली व्यक्ती तेथेच वर्षानुवर्षे राहते आणि नव्याला जागा मिळत नाही. जी पायरी व्हायची, तिचा मुक्काम झाला. शिवाय तेथे शिकवले जाणारे काम पुष्कळदा संस्थेच्या सोयीने ठरते. पणत्या रंगवणे सोपे, सुरक्षित आणि छायाचित्रात छान दिसणारे असते. पण गावातल्या कोणत्या दुकानाला किंवा कचेरीला कसल्या हातांची गरज आहे, याची चौकशी त्याआधी सहसा झालेली नसते.

‘यांना याहून अवघड काम जमत नाही’ हे उत्तर ठरलेले आहे. ते किती तकलादू आहे, हे अमेरिकेत मार्क गोल्ड या संशोधकाने १९७० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते. ज्यांना साधी वेष्टने भरण्यापलीकडे काही देऊ नये असे समजले जाई, अशा मध्यम व तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या व्यक्तींना त्याने सायकलचा १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवले. युक्ती साधी होती: कामाचे बारीक टप्पे पाडायचे, बोलायचे कमी, हाताला हात लावून दाखवायचे अधिक, आणि शिकणारा अडला तर दोष शिकवण्याच्या रीतीत शोधायचा. पुढे १९८० च्या दशकात तेथे आणखी एक विचार रुजला. आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी हा क्रम उलटा करून आधी खरी नोकरी द्यायची आणि प्रशिक्षण त्या जागीच करायचे. एक मार्गदर्शक सुरुवातीला सोबत उभा राहतो, आठवड्यागणिक थोडाथोडा मागे सरतो आणि अखेर निघून जातो. १९८६ मध्ये तेथील पुनर्वसनविषयक कायद्यात या पद्धतीला स्थानही मिळाले.

आपल्याकडेही उदाहरणे नाहीत असे नाही. मुंबईत जुहू येथील ‘अर्पण’ हे उपाहारगृह बौद्धिक अक्षमता असलेले तरुण चालवतात. अपंग कर्मचाऱ्यांनी चालवलेल्या ‘मिट्टी कॅफे’ची शाखा नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात सुरू झाली. हे प्रयोग स्वागतार्ह आहेत. परंतु सगळ्यांनीच खास उपाहारगृहात काम करावे असा त्याचा अर्थ होऊ नये. स्टेशनजवळच्या साध्या उडुपी हॉटेलात टेबले लावणे, किराणा दुकानात पुड्या बांधणे, ग्रंथालयात पुस्तके जागेवर ठेवणे, रुग्णालयात चादरींच्या घड्या घालणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, ही कामे दररोज असतात आणि त्यांना माणसे हवी असतात.

तथापि हाताला काम शिकवले म्हणजे तयारी झाली, असे नाही. अनुभवी शिक्षकांना विचारले तर ते सांगतात की हे तरुण नोकरी गमावतात ते हात मंद चालतात म्हणून क्वचितच. न कळवता गैरहजर राहणे, जेवणाच्या सुटीनंतर वेळेवर न परतणे, साहेबाचा आणि सहकाऱ्याचा फरक न कळणे अशी कारणे त्यामागे असतात. म्हणजे शिकवायचे असते ते घड्याळ, रस्ता, पैसा आणि माणसे. पैशाचे उदाहरण घ्या. वर्गात पुठ्ठ्याच्या नाण्यांनी बेरीज करणारा मुलगा मंडईत शंभराची नोट देऊन भाजी घेताना गोंधळतो, कारण खरी नोट त्याच्या हातात कुणी दिलेलीच नसते. आता तर भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेतो. तेव्हा तेही शिकवावे लागेल आणि फसवणुकीपासून सावध राहणेही. नको त्या स्पर्शाला आणि नको त्या मागणीला ठामपणे ‘नाही’ म्हणणे हा तर, विशेषतः मुलींच्या बाबतीत, अभ्यासक्रमाचा पहिला धडा असायला हवा. शिक्षणात आज्ञाधारकपणाचे जे अवाजवी कौतुक होते, ते येथे घातक ठरते.

या शिक्षणाची निम्मी शाळा घरातच असते. शाळेची गाडी दाराशी उभी असते, म्हणून आई घाईने मुलाच्या बुटांच्या नाड्या बांधते. रोजची पाच मिनिटे वाचतात. विसाव्या वर्षी मात्र त्या नाड्या बांधायला दुसरे कुणीतरी लागते. आईला दोष देण्याचे कारण नाही, कारण तिला मदतीला कुणी नसते. मात्र ही तयारी चौदाव्या वर्षी सुरू व्हायला हवी, अठराव्या नव्हे, हे शाळेने तिला वेळीच सांगितले पाहिजे.

आता शासनाच्या नियमांकडे वळू. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या अपंग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी अपत्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर पूर्वी दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता एवढी मर्यादा होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के अधिक महागाई भत्ता अशी करण्यात आली. अखेरचे वेतन ६०,००० असेल, तर मर्यादा १८,००० अधिक भत्ता. सुधारणा चांगली आहे. पण मर्यादेचा स्वभाव कड्यासारखा आहे. उत्पन्न तिच्या आत असेपर्यंत पूर्ण निवृत्तिवेतन, आणि ती ओलांडताच काहीच नाही. अशा वेळी एखादा कारकून मनाशी हिशेब मांडतो: मुलाची नोकरी आज आहे, उद्या नसेल, निवृत्तिवेतन कायमचे आहे. तो मुलाला घरीच ठेवतो. त्याचा हिशेब बरोबर आहे. चुकलेला आहे तो नियम. कमाई वाढेल तसे निवृत्तिवेतन हळूहळू घटावे आणि नोकरी सुटताच ते पूर्ववत व्हावे, अशी रचना करणे काही अशक्य नाही.

मालकांच्या बाबतीतही अशीच गफलत झाली आहे. खासगी उद्योगांत किमान ५ टक्के कर्मचारी अपंग असावेत यासाठी उत्तेजन द्यावे, असे कायदा म्हणतो. २००८ मध्ये केंद्राने दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या अपंग कर्मचाऱ्यांसाठी भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा यांतील मालकाचा वाटा तीन वर्षे स्वतः भरण्याची योजना आणली. पण मालकाची चिंता त्या वाट्याची नसते. पहिले तीन महिने याच्याजवळ उभे कोण राहणार, ही त्याची चिंता असते. तोच पैसा कामाच्या जागी सोबत करणाऱ्या मार्गदर्शकाच्या पगारावर खर्च झाला असता, तर अधिक दारे उघडली असती.

कमावलेला पैसा हाती पडणे ही पुन्हा निराळी बाब. मूल अठरा वर्षांचे झाले की बँकेच्या व्यवहारासाठी अनेक पालकांना १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा दाखला घेण्याचा सल्ला दिला जातो. २०१६ चा कायदा मात्र अशा व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य करतो आणि निर्णयात मदत करणाऱ्या मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडतो. दोन कायद्यांच्या या ओढाताणीत खात्यावर नाव मुलाचे आणि सही दुसऱ्याची, अशी स्थिती होते. स्वतःच्या पगारातून चित्रपटाचे तिकीटही ज्याला स्वतः काढता येत नाही, त्याच्या नोकरीला स्वावलंबन म्हणणे कठीण आहे.

राहता राहिला तो सरकारी नोकऱ्यांतील १ टक्का. कोणती पदे अपंगांना योग्य आहेत याची सुधारित यादी केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. परंतु शिपायासारख्या पदांनाही दहावी उत्तीर्ण असण्याची अट आणि लेखी स्पर्धा परीक्षा असतेच. बौद्धिक अक्षमता असलेला तरुण तेथेच गळतो. कायद्याच्या ३४ व्या कलमाप्रमाणे न भरलेली जागा पुढील वर्षी ओढली जाते, मग अपंगांच्या दुसऱ्या गटाला देता येते आणि तेथेही कुणी न मिळाल्यास इतर उमेदवाराला. टपाल वाटण्यासाठी किंवा ग्रंथालयातील पुस्तके जागेवर लावण्यासाठी बीजगणित लागत नाही. अशा पदांसाठी लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कामाची महिनाभराची चाचणी घेतली, आणि त्या महिन्यात सोबतीला एक मार्गदर्शक दिला, तर किती जागा भरतात ते पाहता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. भरतीचे नियम बदलले तरी पुरेसे आहे.