मूल होत नाही? आधी तपासणी दोघांची, मग आयव्हीएफचा विचार

पनवेल : लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की गावात विचारणा सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा सुनेलाच होते. डोहाळजेवणाला तिला मागे बसवलं जातं, ओटी भरायला दुसरीला पुढे करतात. उपास होतात, नवस होतात, झाडपाल्याची औषधं होतात. मग कुणीतरी सांगतं, "पनवेलला जा, टेस्ट ट्यूब करून घ्या." घरातलं सोनं मोडून, कधी जमिनीचा तुकडा विकून जोडपं शहर गाठतं. हे टेस्ट ट्यूब म्हणजेच आयव्हीएफ नेमकं असतं काय, ते कुणाला लागतं आणि कुणाला लागत नाही, हे पैसे भरायच्या आधी समजून घेतलेलं बरं.

दोष एकट्या बाईचा नसतो

कोणतंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर थांबायचं नाही, सहा महिन्यांतच तपासणी करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. म्हणजे ही कुणा एका घरावरची अवकृपा नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडे काही ना काही कारण सापडतं. कुणाचे शुक्राणू कमी असतात, कुणाचे नीट हलत नाहीत, कुणाचे बाहेर येण्याची वाटच बंद असते. गुटखा, तंबाखू, दारू यांचाही परिणाम होतो. धडधाकट शरीर, भरपूर मेहनत आणि संबंधात काही अडचण नाही, तरीही शुक्राणू कमी असू शकतात. मर्दानगीशी याचा काही संबंध नाही.

पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त असते. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा, एवढंच. सुई नाही, भूल नाही. तरीही अनेक घरांत बाईच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, दुर्बिणीची तपासणी सगळं होतं आणि नवऱ्याची ही एक तपासणी राहून जाते. काही ठिकाणी तर दुसरं लग्न लावतात आणि तिथेही मूल होत नाही, तेव्हा खरं कारण कळतं. तोवर एका बाईचा संसार मोडलेला असतो.

प्रत्येकाला आयव्हीएफ लागत नाही

तपासणीत थायरॉईडचा त्रास निघाला तर गोळ्यांनी भागतं. पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल, तर वजन आटोक्यात आणून आणि बीज तयार होण्याच्या गोळ्या घेऊन अनेकींना दिवस राहतात. पुरुषात थोडासाच दोष असेल तर आययूआय करतात. यात नवऱ्याचे चांगले शुक्राणू वेगळे काढून बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. खर्च आयव्हीएफच्या मानाने बराच कमी येतो.

आयव्हीएफची गरज लागते ती मुख्यतः दोन्ही गर्भनलिका बंद असतील, शुक्राणू फारच कमी असतील, किंवा साधे उपचार करूनही यश आलं नसेल तेव्हा. आपल्याकडे नलिका बंद होण्याचं एक मोठं कारण म्हणजे गर्भाशयाचा आणि नलिकांचा टीबी. खोकला नसला तरी हा टीबी असू शकतो.

नेमकं काय करतात?

एरवी दर महिन्याला बाईच्या बीजांडकोशातून साधारण एक बीज बाहेर पडतं. ते नलिकेत येतं, तिथे शुक्राणूशी त्याची गाठ पडते आणि तयार झालेला गर्भ सरकत गर्भाशयात जाऊन रुजतो. नलिका बंद असेल तर ही गाठच पडत नाही. आयव्हीएफमध्ये ती शरीराबाहेर, प्रयोगशाळेत घालून देतात.

पहिली पायरी इंजेक्शनांची. साधारण १० ते १२ दिवस रोज इंजेक्शन देतात, म्हणजे एकाऐवजी बरीच बीजं एकदम तयार होतात. मधूनमधून सोनोग्राफीने ती किती वाढली ते बघतात. दुसरी पायरी बीज काढण्याची. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं काढतात. पोट फाडावं लागत नाही, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात.

तिसरी पायरी प्रयोगशाळेतली. बीज आणि शुक्राणू काचेच्या किंवा प्लास्टिकच्या उथळ बशीत एकत्र ठेवतात. नाव टेस्ट ट्यूब पडलं असलं तरी बाळ काही नळीत वाढत नाही. शुक्राणू फार कमी असतील तर एकच शुक्राणू अतिबारीक सुईने बीजात सोडतात, त्याला इक्सी म्हणतात. वीर्यात शुक्राणू अजिबात नसले तरी काही पुरुषांच्या अंडकोशातून ते सुईने काढता येतात. चौथी पायरी गर्भ ठेवण्याची. तीन ते पाच दिवस वाढलेला गर्भ बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. साधारण दोन आठवड्यांनी रक्त तपासून दिवस राहिले की नाही ते कळतं. तिथून पुढचे नऊ महिने इतर कोणत्याही आईसारखेच.

सुरुवात परळच्या केईएममध्ये

जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलं. त्यानंतर सत्तर दिवसांतच, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. पण सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय, म्हणजे देशातलं हे मोठं काम सामान्य माणसाच्या दवाखान्यात झालं. आनंद कुमार यांनी नंतर मुखोपाध्यायांच्या नोंदी स्वतः तपासल्या आणि पहिला मान त्यांचाच, असं जाहीरपणे सांगितलं. हर्षा २०१६ मध्ये स्वतः आई झाली. असं मूल पुढे धड निघेल का, असं विचारणाऱ्यांना हे पुरेसं उत्तर आहे.

यशाची खात्री कुणीच देऊ शकत नाही

बाईचं वय ३५ च्या आत असेल तर एका प्रयत्नात साधारण तिघींपैकी एकीच्या हाती बाळ येतं. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने हे प्रमाण झपाट्याने घटतं. म्हणून "शंभर टक्के खात्री" असं कुणी सांगितलं तर तिथून उठून यावं. खासगी केंद्रात एका फेरीला साधारण एक ते अडीच लाख रुपये जातात आणि अनेकांना एकापेक्षा जास्त फेऱ्या लागतात. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. गोव्यात मात्र सरकारने २०२३ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हे उपचार मोफत सुरू केले.

त्रासही माहीत असावेत. इंजेक्शनांनंतर पोट फुगलं, उलट्या झाल्या, लघवी कमी झाली किंवा दम लागला तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. एकापेक्षा जास्त गर्भ ठेवले तर जुळी-तिळी राहू शकतात आणि बाळंतपण जोखमीचं होतं.

कायदा काय सांगतो?

२०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार केंद्राची सरकारी नोंदणी हवीच. उपचारासाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या दरम्यान असावं लागतं. दोघांच्या लेखी संमतीशिवाय काहीही करता येत नाही. "मूल दुसऱ्याचं तर नसेल ना?" ही भीती अनेकांना असते. दुसऱ्याचं बीज किंवा शुक्राणू वापरायचे असतील तर तसं सांगून सही घ्यावी लागते. आणि तसं झालं तरी ते मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, सगळ्या हक्कांसह. मुलगाच हवा म्हणून गर्भ निवडून देणं हा गुन्हा आहे. त्याला ५ ते १० वर्षं कैद किंवा १० ते २५ लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवाल का?
२. आम्हाला आयव्हीएफच का लागेल, आययूआय किंवा गोळ्यांनी का भागणार नाही?
३. इंजेक्शनं, भूल, गर्भ गोठवणं धरून एकूण खर्च किती? लिहून द्या.
४. आमच्या वयाच्या जोडप्यांना तुमच्याकडे किती यश आलं? नुसते दिवस राहिलेले नको, घरी गेलेली बाळं सांगा.
५. किती गर्भ ठेवणार, उरलेल्यांचं काय करणार?

कागद वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या माणसाला सोबत न्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक तपासणीचा कागद जपून ठेवा, म्हणजे दुसरीकडे गेलात तरी त्याच तपासण्या पुन्हा लगेच कराव्या लागणार नाहीत.

सुरुवात मोठ्या केंद्रापासून करायची गरज नाही. गावच्या आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जा आणि पुढे कुठे जायचं ते तिथून समजून घ्या. नवस करायचा असेल तर करा, पण त्यासाठी वर्षं घालवू नका. पैसा पुन्हा उभा राहतो, वय परत येत नाही. आणि दवाखान्यात जाल तेव्हा केसपेपर दोन काढा, एक तिच्या नावाचा आणि एक त्याच्या नावाचा.