पांढरा कोट, पहिली कमाई – भाग ७ : बॉण्डचं वर्ष

गेल्या आठवड्यात आपण विद्यावेतनातून घरखर्च आणि विम्याचे हप्ते कसे बसवायचे ते पाहिलं. आज एम.डी., एम.एस.चं तिसरं वर्ष संपत आलेल्यांचा प्रश्न घेऊ : बॉण्ड करायचा, की पैसे भरून मोकळं व्हायचं?

महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेतलं की एक वर्ष सरकारी सेवा बंधनकारक असते. ती टाळली तर दंड ५० लाख रुपये. माझं मत स्पष्ट आहे : वर्ष करा. समजा, खासगीत दरमहा दोन लाख जास्त मिळणार आहेत. वर्षाचा फरक झाला २४ लाख, म्हणजे दंडाच्या निम्माही नाही. शिवाय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सीनियर रेसिडेंट म्हणून नेमणूक मिळाली, तर सहायक प्राध्यापक होण्यासाठी लागणारं वर्ष त्यातच भरून निघतं. आज शिकवण्याची ओढ नसेलही. पण चाळिशीत रात्रीच्या इमर्जन्सी नकोशा वाटू लागल्या, तर परतायला ती एक वाट राहते. जिल्हा रुग्णालय वाट्याला आलं तर नाराज होऊ नका. निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचा सराव तिथे होतो, आणि लहान गावात राहणं आपल्याला मानवतं का, तेही दवाखाना थाटण्याआधीच कळतं.

खासगी किंवा अभिमत संस्थेत कर्ज काढून शिकलेल्यांची काळजी वेगळी. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. २० लाखांवर १० टक्के सरळ व्याज धरलं तरी तीन वर्षांत सहा लाख होतात, आणि ते पुढे मुद्दलात मिसळतात. महिन्याला साधारण १६,७०० रुपये भरत गेलात, तर हा बोजा उभाच राहत नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, तीही व्याज भरायला सुरुवात केल्यापासून आठच वर्षं. पण त्या सवलतीसाठी व्याज थकवत ठेवणं तोट्याचं आहे.

मग येते पहिली मोठी ऑफर. कॉर्पोरेट रुग्णालयं बहुतेकदा कन्सल्टंट म्हणून करार करतात. ती नोकरी नसते : भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. फीमधून १० टक्के कर आधीच कापला जातो, आणि तेवढाच आपला कर, असा समज करून घेतला की मार्चमध्ये धक्का बसतो. हातात येणाऱ्या प्रत्येक रकमेचा एक भाग करासाठी वेगळ्या खात्यात ठेवा. व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिल्या रुग्णाआधी घ्या. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून दिलं आहे.

मशीनसाठी कर्ज, नवी गाडी, फ्लॅटचं बुकिंग, हे सगळं बॉण्ड संपेपर्यंत थांबू शकतं. कुठल्या गावात स्थिरावणार हे ठरायच्या आधी घेतलेला हप्ता तुमच्या वतीने गाव निवडतो. आईवडिलांनीही या वर्षात मुलांना ‘आता कमवायला लाग’ म्हणून घाई करू नये, ही मनापासून विनंती.