विश्लेषण : विम्याचा हप्ता ठरतो कसा? ‘ॲक्च्युरिअल सायन्स’च्या पदव्युत्तर शिक्षणात काय शिकवतात? पदवी मिळाली म्हणजे ॲक्च्युअरी होता येते का?

गणित उत्तम आहे, पण पुढे कोडिंग किंवा सीए करायचे नाही, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हल्ली ‘ॲक्च्युरिअल सायन्स कर’ असा सल्ला हमखास मिळतो. संख्याशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्यांपुढे या विषयातील एम.एस्सी.चा पर्यायही असतो. मात्र दोन वर्षे आणि मोठी फी गुंतवण्यापूर्वी ही पदवी काय देते आणि काय देत नाही, हे समजून घ्यायला हवे.

ॲक्च्युअरी नेमके काय करतो?

भविष्यात होऊ शकणाऱ्या नुकसानीची आज किंमत ठरवणे, हे ॲक्च्युअरीचे काम. एक सोपे उदाहरण घेऊ. एकाच वयाच्या १,००० जणांनी प्रत्येकी १० लाखांचा एक वर्षाचा आयुर्विमा घेतला आणि वर्षभरात हजारात सरासरी एक मृत्यू होतो असे धरले, तर कंपनीला सरासरी १० लाख रुपये द्यावे लागतील. म्हणजे प्रत्येकी १,००० रुपये हप्ता पुरेसा वाटतो. पण मृत्यू बरोबर एकच होईल याची खात्री नाही. दोन किंवा अधिक मृत्यू होण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. म्हणजे चारपैकी एका वर्षी कंपनीला जमेच्या किमान दुप्पट रक्कम द्यावी लागेल!

हेच विमाधारक एक लाख असतील तर अपेक्षित मृत्यू १०० आणि ते १२० च्या पुढे जाण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के. समूह वाढला की अनिश्चितता तुलनेने घटते. संपूर्ण विमा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे. प्रत्यक्ष हप्त्यात खर्च, व्याज आणि सुरक्षेसाठीची जादा रक्कमही धरली जाते. भारतातील आयुर्विमा कंपन्या मृत्युदरासाठी विमाधारकांच्याच नोंदींवरून तयार झालेला ‘इंडियन अश्युअर्ड लाइव्ह्ज मॉर्टॅलिटी २०१२-१४’ हा तक्ता आधाराला घेतात.

मग यात अवघड काय आहे?

वरचे गणित एका गृहीतकावर चालते. एकाचे नुकसान दुसऱ्याच्या नुकसानीशी जोडलेले नाही, असे त्यात मानलेले असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हे गृहीतक एका रात्रीत वाहून गेले. गाड्या, दुकाने, गोदामे सगळे एकाच वेळी पाण्याखाली होते. अशा वेळी विमाधारकांची संख्या जास्त असणे हा आधार ठरत नाही, उलट तोच धोका ठरतो. म्हणून कंपन्या आपली जोखीम पुनर्विमा घेऊन पुढे वाटून देतात. किती जोखीम स्वतःकडे ठेवायची आणि किती द्यायची, हा हिशेबही ॲक्च्युअरीचाच.

हिशेब चुकला तर काय होते?

ब्रिटनमधील ‘इक्विटेबल लाइफ’ हे याचे ठळक उदाहरण. वयानुसार शास्त्रीय पद्धतीने हप्ता आकारण्याची सुरुवात १७६२ मध्ये याच संस्थेने केली. पुढे तिने अनेक ग्राहकांना निवृत्तिवेतनाच्या ठरावीक दराची हमी दिली. १९९० च्या दशकात व्याजदर घसरले, लोकांचे आयुर्मानही वाढले आणि ही हमी महाग पडू लागली. ग्राहकांचे बोनस कापून भरपाई करण्याचा मार्ग २००० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने बंद केला. सुमारे दीड अब्ज पौंडांचा भार अंगावर आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्थेने नवे ग्राहक घेणे थांबवले. झळ बसली ती आयुष्यभराची बचत तिथे ठेवणाऱ्या सामान्य माणसांना.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात काय शिकवतात?

पाया संभाव्यता, संख्याशास्त्र आणि व्याजाच्या गणिताचा असतो. त्यावर आयुर्मानाची प्रारूपे, दाव्यांच्या रकमेची प्रारूपे, कंपनी बुडण्याची शक्यता मोजणारा ‘रुइन थिअरी’ हा भाग आणि क्वचित घडणाऱ्या पण मोठ्या नुकसानीचे विश्लेषण शिकवले जाते. सर्वसाधारण विम्यात आणखी एक प्रश्न येतो. अपघात घडून गेला, पण दावा अजून कंपनीकडे आलाच नाही, अशा दाव्यांसाठी आजच किती रक्कम बाजूला ठेवायची? त्यासाठी जुन्या दाव्यांच्या वाटचालीवरून अंदाज बांधण्याची ‘चेन लॅडर’ पद्धत शिकवतात. हे सगळे ‘आर’ किंवा पायथॉनमध्ये करून पाहावे लागते. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. शैलजा देशमुख यांचे ‘आर’च्या साहाय्याने विमासंख्याशास्त्र शिकवणारे इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीसाठी ते उपयुक्त आहे.

एम.एस्सी. झाली की ॲक्च्युअरी होता येते का?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. भारतात ॲक्च्युअरी ही ओळख ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया’ ही संस्था देते. ‘ॲक्च्युअरीज कायदा २००६’नुसार तिला वैधानिक दर्जा आहे. ‘एसेट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन संस्थेचे विद्यार्थी सदस्य व्हावे लागते आणि ही परीक्षा बारावीनंतरही देता येते. त्यानंतर २०१९ पासूनच्या रचनेनुसार सात मूलभूत, तीन व्यावहारिक, दोन विशेष आणि एक प्रगत विशेष असे १३ टप्पे पार करावे लागतात. सोबत कामाचा अनुभव आवश्यक असतो. नोकरी सांभाळून हे सारे पूर्ण करण्यात अनेक वर्षे जातात. प्रत्येक विमा कंपनीत ‘नियुक्त ॲक्च्युअरी’ असणे बंधनकारक आहे. मात्र त्या पदावर ‘फेलो’च बसू शकतो, केवळ एम.एस्सी.धारक नाही.

मग पदवीचा उपयोग काय?

ब्रिटनमधील हेरियट-वॉटसारख्या मान्यताप्राप्त विद्यापीठांत ठरावीक गुण मिळाल्यास तिथल्या व्यावसायिक संस्थेच्या काही पेपरमधून सूट मिळते. सूट मिळत नसली तरी शिस्तबद्ध अभ्यास, प्रकल्प आणि कॅम्पस मुलाखतींचा फायदा होतोच. शिवाय परीक्षांची साखळी अर्धवट राहिली, तरी जोखीम विश्लेषण, बँकिंग आणि डेटा क्षेत्रात ही पदवी चालते. व्यवस्थापनाच्या अंगाने विमा शिकायचा असेल तर पुण्यातील ‘नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी’चा वेगळा अभ्यासक्रम आहे.

सर्वसामान्यांशी याचा संबंध काय?

महाराष्ट्रात खरीप २०२३ पासून दोन वर्षे शेतकऱ्याला पीक विमा एका रुपयात मिळत होता. पण त्यामुळे जोखमीची किंमत एक रुपया झाली नव्हती. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जोखमीवर आधारित पूर्ण हप्ता काढला जातो. त्यातील खरिपासाठी विमा रकमेच्या कमाल दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के वाटा शेतकऱ्याचा. उरलेली रक्कम सरकार भरते. एक रुपयाच्या काळात शेतकऱ्याचा वाटाही राज्याच्या तिजोरीतून जात होता. खरीप २०२५ पासून तो पुन्हा शेतकऱ्याकडे आला.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

पहिले, अभ्यासक्रमातून कोणत्या संस्थेच्या कोणत्या पेपरला सूट मिळते, हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावे, केवळ माहितीपत्रकावर विसंबू नये. दुसरे, फी भरण्याआधी ‘एसेट’ आणि संख्याशास्त्राचा एक मूलभूत पेपर देऊन पाहावा. त्याचा खर्च पदवीच्या तुलनेत बराच कमी आहे. त्या पेपरचा अभ्यास नकोसा वाटला, तर पुढचे बारा टप्पे सोपे जाणार नाहीत. जोखीम मोजण्याचे शिक्षण घेण्याआधी स्वतःच्या निर्णयाची जोखीम मोजून पाहिलेली बरी.