खडकाने धरून ठेवलेलं तेल

तेलविहीर आटली असं आपण म्हणतो, तेव्हा खालचं तेल संपलेलं नसतं. बहुतेक तेलक्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल जागच्या जागीच राहून जातं. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. वाळूच्या कणांमधल्या, केसाहूनही बारीक पोकळ्यांत ते मुरलेलं असतं. सुरुवातीला भूगर्भातल्या दाबाने ते आपोआप वर येतं. दाब ओसरला की शेजारच्या विहिरींतून पाणी सोडून त्याला पुढे रेटतात. काही वर्षांनी हे पाणी सोपी वाट धरतं आणि विहिरीतून तेल कमी, पाणीच जास्त येऊ लागतं. उरलेले थेंब पोकळ्यांच्या अरुंद तोंडाशी अडकून बसतात.

का अडकतात? तेल आणि पाणी जिथे भेटतात, तिथे ताणलेल्या पडद्यासारखा एक ताण असतो. अरुंद तोंडातून जायचं तर थेंबाला आकार बदलावा लागतो आणि हा ताण तो बदलू देत नाही. त्यावर मात करण्याइतका पाण्याचा जोर वाढवला तर खडकच फुटेल. म्हणून जोर वाढवण्याऐवजी ताण घालवायचा. तोही थोडाथोडका नाही: दर मीटरला २०-३० मिलिन्यूटनवरून मिलिन्यूटनच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे हजारो पटींनी खाली.

हे काम सर्फॅक्टंट करतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलकट कढईवर साबण करतो तेच काम, पण इथली अट फार कडक. रेणू पाण्यात जास्त रमला तर उपयोग नाही, तेलात रमला तरी नाही. पाण्यातल्या क्षारांच्या एका ठरावीक प्रमाणावरच तेल आणि पाण्याच्या मधोमध एक तिसरा थर तयार होतो आणि ताण तळाला जातो. प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांची रांग लावून, प्रत्येकीत क्षार थोडे थोडे वाढवत, संशोधक हा थर कुठे उमटतो ते आठवडे-आठवडे पाहत बसतात. एका क्षेत्राचं मिश्रण दुसरीकडे जसंच्या तसं चालेल याची खात्री नसते. या विषयातली खरी मेहनत इथे आहे, असं मला वाटतं.

दुसरी अडचण खर्चाची. महागडा सर्फॅक्टंट वाटेतच खडकाला, विशेषतः चिकणमातीला, चिकटून वाया जातो. म्हणून सोबत अल्कली देतात. तिच्यामुळे हे चिकटणं कमी होतं, शिवाय तेलातल्या आम्लांशी तिची क्रिया होऊन जमिनीखालीच साबण तयार होतो. पाणी दाट व्हावं आणि त्याने मधूनच वाट फोडू नये, म्हणून पॉलिमर घालतात. अल्कली, सर्फॅक्टंट आणि पॉलिमर या तिघांच्या मिश्रणाला त्यांच्या आद्याक्षरांवरून 'एएसपी' म्हणतात.

हे सर्वात मोठ्या प्रमाणावर चीनने केलं. १९५९ साली सापडलेल्या दाचिंग क्षेत्रात १९९०च्या दशकापासून एएसपीच्या चाचण्या झाल्या आणि मूळ साठ्याच्या सुमारे २० टक्के जादा तेल मिळू शकतं असं दिसलं. त्याची किंमतही कळली. तीव्र अल्कलीने खडकातली सिलिका विरघळवली, तिचे थर पंपांत साचले आणि वर आलेलं तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण वेगळं करणं जिकिरीचं झालं. मग तिथले अभियंते सौम्य अल्कलीकडे वळले.

आपल्याकडे ओएनजीसीने गुजरातच्या विराज क्षेत्रात २००२ मध्ये एएसपीची चाचणी सुरू केली. राजस्थानातल्या बाडमेरजवळच्या मंगला क्षेत्राची गोष्ट अधिक आशेची आहे. २००४ मध्ये सापडलेल्या आणि २००९ पासून उत्पादन देणाऱ्या या क्षेत्राचं तेल इतकं मेणयुक्त की ते गरम ठेवणाऱ्या पाइपलाइनमधून गुजरातकडे न्यावं लागतं. पण त्यात आम्लं भरपूर असल्याने अल्कलीला ते सोयीचं. वाळवंटात गोडं पाणी खर्ची पडत नाही, हेही महत्त्वाचं: विहिरींत सोडायला थुंबलीच्या भूगर्भातलं खारं पाणी वापरतात. मंगलात आधी पॉलिमर मोठ्या प्रमाणावर सोडलं गेलं आणि छोट्या एएसपी चाचणीतही वर येणाऱ्या पाण्याचं प्रमाण घटून तेल वाढलं.

मुंबई हायला हाच नुस्खा लावता येणार नाही. १९७४ साली सापडलेल्या या क्षेत्रात तेल मुख्यतः चुनखडकात आहे, खाली उष्णता जास्त, हाताशी पाणी समुद्राचं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे अल्कलीचा साका बसतो आणि नेहमीचे सर्फॅक्टंट चुनखडकाला चिकटतात. तिथल्या खडकासाठी वेगळे रेणू शोधावे लागतील.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण आयात करतो. नव्या साठ्यांच्या शोधाच्या बातम्या होतात, जुन्या क्षेत्रांच्या प्रयोगशाळांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. अशा चाचणीचा निकाल हाती यायला वर्षं लागतात. तेलाचे भाव पडले की सगळ्यात आधी कात्री लागते ती तिलाच. सरकारने आणि कंपन्यांनी निदान ही कात्री थांबवावी.